मुंबईचा इतिहास कुणाकडून वाचावा: माडगावकर, डा कुन्हा की शारदा द्विवेदी?

मराठी वाचणाऱ्याने मुंबईच्या इतिहासाची सुरुवात गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकापासून करावी, आणि ते उघडण्याआधी शारदा द्विवेदींचं एखादं नकाशे असलेलं पुस्तक शेजारी ठेवावं. डॉ. जेर्सन डा कुन्हांकडे तिसऱ्या टप्प्यावर वळावं. पोर्तुगीज काळ हाच मुख्य विषय असेल, तर मात्र थेट त्यांच्यापासून सुरुवात करावी. तिघांनी लिहिलंय एकाच शहराबद्दल, पण तिघांचं विचारणं वेगळं आहे. चुकीच्या माणसाला चुकीचा प्रश्न विचारला की पुस्तक कंटाळवाणं वाटतं आणि अर्ध्यात मिटलं जातं. म्हणून ही तुलना जरा सविस्तर.

आधी माणसं. माडगावकर 1815 सालचे, जन्म गोव्यातला. 1824 मध्ये, नऊ वर्षांचे असताना ते आईवडिलांबरोबर मुंबईत आले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत आयुष्यभर शिक्षकी केली. ‘मुंबईचे वर्णन’ 1863 ला छापलं गेलं आणि दोनच वर्षांत, 1865 ला, ते वारले. शहरावर लिहिण्याआधी त्यांनी लोकांना शहाणं करण्यासाठी बरंच लिहिलं होतं. ‘शुचिर्भूतपणा’ हे स्वच्छतेवरचं, ‘उद्भिज्जन्य पदार्थ’ हे वनस्पतींपासून मिळणाऱ्या वस्तूंवरचं. हा मास्तर मुंबईच्या पुस्तकातही पानोपानी भेटतो. वस्तू कुठून येते, कशाला लागते, कोण विकतं, हे सांगितल्याशिवाय तो पुढे जात नाही.

डा कुन्हा हेही गोव्याचेच, बार्देशातल्या हडफड्याचे, जन्म 1844. पेशाने डॉक्टर, आवडीने नाणेतज्ज्ञ. 1876 ला चौल आणि वसईच्या जुन्या अवशेषांवर त्यांचं पुस्तक आलं, 1877 ला त्यांनी सह्याद्रिखंडाची, म्हणजे स्कंदपुराणाचा भाग मानल्या जाणाऱ्या संस्कृत ग्रंथाची, संपादित प्रत छापली. ‘द ओरिजिन ऑफ बॉम्बे’ हे एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने आपल्या नियतकालिकाचा जादा अंक म्हणून 1900 साली काढलं. त्याच वर्षी ते गेले.

शारदा द्विवेदी 1942 च्या. शिक्षण ग्रंथालयशास्त्राचं, आणि ते त्यांच्या कामात उघड दिसतं. जुना फोटो, जुना नकाशा, जुनी जाहिरात नेमकी कुठल्या कपाटात आहे हे शोधून काढणं ही त्यांची ताकद. वास्तुविशारद राहुल मेहरोत्रा यांच्याबरोबरचं ‘बॉम्बे: द सिटीज विदिन’ 1995 ला आलं. पुढे दोघांनी मिळून कोट (आजचा फोर्ट) भागातल्या पायी फेऱ्या, बाणगंगा, उच्च न्यायालय, व्हिक्टोरिया टर्मिनस, आर्ट डेको इमारती अशा एकेका विषयावर स्वतंत्र पुस्तकं केली. फेब्रुवारी 2012 मध्ये त्यांचं निधन झालं.

1863 या सालाचं महत्त्व

माडगावकरांना पहिला मान द्यायचं कारण ते सर्वांत जुने आहेत एवढंच नाही. त्यांनी लिहिलं तो क्षण पुन्हा कुणाला मिळाला नाही. बार्टल फ्रिअर 1862 ला गव्हर्नर झाला आणि कोटाचा तट पाडायचं काम हाती घेतलं गेलं. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होऊन दहा वर्षं झाली होती, पहिली गाडी 16 एप्रिल 1853 ची. विहार तलावाचं पाणी नळाने शहरात येऊन तीनच वर्षं झाली होती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, त्यामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरवर उड्या पडत होत्या. युद्ध संपलं आणि 1865 ला हा सगळा डोलारा कोसळला. माडगावकरांच्या पुस्तकात तो कोसळणं नाही. तेजीच्या ऐन मध्यावर, पुढे काय होणार हे ठाऊक नसलेल्या, डोळस माणसाने ते लिहिलंय. नंतरच्या प्रत्येक इतिहासकाराला शेवट माहीत असतो आणि त्याची छाया त्याच्या लिहिण्यावर पडते. इथे ती नाही.

शहराची पहिली मोठी शिरगणती झाली 1864 ला, लोकसंख्या भरली 8,16,562. म्हणजे पुस्तक छापलं तेव्हा हा आकडा कुणाच्याच हातात नव्हता. पुस्तकातले वस्तीचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवावं. ते त्या काळचे अंदाज आणि सरकारी कागदांतून मिळालेली माहिती आहे. 1872 च्या शिरगणतीत संख्या 6,44,405 वर आली, आणि तेजी ओसरल्यावर शहरातून किती माणसं निघून गेली ते त्यावरून कळतं. माडगावकरांच्या पुस्तकावर निबंध किंवा प्रकल्प करणाऱ्याने ही दोन वर्षं पहिल्या पानावरच टिपून घ्यावीत.

चर्चगेट: एकच नाव, तीन पुस्तकं

तिघांतला फरक एका ठिकाणावरून सर्वांत स्वच्छ कळतो. माडगावकरांच्या काळात चर्चगेट हा खराखुरा दरवाजा होता. कोटाच्या तटाला तीन मुख्य दरवाजे: अपोलो, चर्च आणि बाजार. चर्चगेटमधून सरळ आत गेलं की सेंट थॉमस चर्च, 1718 ला उघडलेलं. म्हणून ते नाव. आजचा वाचक ‘चर्चगेट’ वाचतो आणि नकाशावर स्टेशनवर बोट ठेवतो. तिथेच गडबड होते. दरवाजा होता आज फ्लोरा फाउंटन आहे त्या जागी. स्टेशन तिथून अर्ध्या किलोमीटरहून जास्त पश्चिमेला आहे. मधली जागा म्हणजे तोफांचा मारा मोकळा राहावा म्हणून रिकामं ठेवलेलं मैदान, आणि त्यापलीकडे समुद्र आजच्यापेक्षा खूपच जवळ. मरीन ड्राइव्ह विसाव्या शतकात भर घालून झाला. बोट एवढंसं चुकलं, तरी माडगावकर बाहेर पडून हवा खायला जाणाऱ्या लोकांबद्दल बोलू लागतात तेव्हा वाचक त्या लोकांना ऑफिसच्या इमारतींमध्ये उभं करतो.

हा घोळ द्विवेदी-मेहरोत्रांचं पुस्तक उघडल्याबरोबर मिटतो. तट कुठून कसा वळत होता, मैदान केवढं होतं, तट गेल्यावर त्या पट्ट्यात उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि सचिवालयाची रांग कशी उभी राहिली, हे जुने नकाशे आणि फोटो शेजारी ठेवून दाखवलं आहे. डा कुन्हांना मात्र याच्याशी फारसं देणंघेणं नाही. त्यांचा जीव गुंतलाय तो त्या तटाच्याही आधी तिथे काय होतं यात.

बोरीबंदरचंही तेच. माडगावकर बोरीबंदर म्हणतात तेव्हा डोळ्यांसमोर व्हिक्टोरिया टर्मिनसचा (आजच्या सीएसएमटीचा) घुमट आणू नये. त्या इमारतीचं काम सुरू झालं 1878 ला, माडगावकर जाऊन तेरा वर्षं झाल्यावर. आणि तटाचा एक तुकडा अजून प्रत्यक्ष बघायचा असेल, तर पी. डिमेलो रस्त्यावर सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारालगत 1769 च्या फोर्ट सेंट जॉर्जची भिंत उभी आहे. पुस्तक वाचायच्या आधी ती एकदा बघून यावी, तटाची जाडी मग सांगावी लागत नाही.

माडगावकर वाचताना कुठे अडतं

पहिली अडचण छपाईची. जुन्या शुद्धलेखनात ‘कांहीं’, ‘आंत’, ‘केलें’, ‘घरें’ असे अनुस्वार जागोजाग, आणि ‘म्हणून’ ऐवजी ‘ह्मणून’. पहिली वीसेक पानं मोठ्याने वाचावीत. कानाला ही भाषा अजिबात परकी नाही, परकी वाटते ती फक्त डोळ्याला. परदेशात वाढलेल्या मुलांसाठी किंवा मराठी न वाचणाऱ्यांसाठी मुरली रंगनाथन यांचा 2008 चा इंग्रजी अनुवाद चांगला आहे. मात्र मराठी येत असताना अनुवादाकडे वळू नये. बाजारातल्या जिनसांची, धंद्यांची, जातींची नावं हाच या पुस्तकाचा गाभा आहे आणि ती मूळ भाषेत जशी बोलतात तशी अनुवादात बोलू शकत नाहीत.

दुसरी अडचण मापांची, आणि इथे खऱ्या चुका होतात. मुंबईची साधी खंडी म्हणजे 20 मण, मण 28 पौंडांचा, म्हणजे खंडी 560 पौंड, सुमारे 254 किलो. पण कापसाची खंडी 784 पौंडांची, सुमारे 355 किलो. त्या काळच्या कुठल्याही कागदात 100 खंडी कापूस दिसला आणि साध्या खंडीने हिशेब केला, तर दहा टन माल हवेत विरतो. म्हणून खंडी दिसली की आधी जिन्नस बघावा, मग गुणाकार. पैशांचा हिशेब सोपा आहे: रुपयाचे 16 आणे, आण्याच्या 12 पई. शक दिला असेल तर इसवी सनासाठी 78 मिळवायचे, पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची घटना असेल तर 79. कारण शक चैत्रात बदलतो आणि जानेवारी मध्येच येऊन जातो. एका वर्षाची चूक क्षुल्लक वाटते, पण 1863 ते 1865 या काळात एका वर्षाने तेजीची मंदी होते.

तिसरी गोष्ट सुराची. माडगावकरांना इंग्रजी राज्याचं आणि दानशूर व्यापाऱ्यांचं मनापासून कौतुक आहे. जमशेटजी जिजीभाईंचं रुग्णालय आणि माहीमचा पूल, दोन्ही 1845 ची, ही त्यांच्या पिढीने उभी राहताना पाहिलेली कामं. हे कौतुक खोटं नाही आणि ते गाळून वाचायचीही गरज नाही. फक्त ते ज्या गोष्टींची वाहवा करतात त्यांचा खर्च कुणी सोसला, हा प्रश्न वाचकाने स्वतः विचारावा. उत्तर पुष्कळदा त्यांच्याच तपशिलात सापडतं, कारण कौतुक करतानाही हा मास्तर हमालाची मजुरी आणि जिनसाचा भाव विसरत नाही.

आणि एक: देवळांच्या, मुंबादेवीच्या, वाळकेश्वराच्या, माहीमला राज्य केलं असं सांगितल्या जाणाऱ्या बिंबराजाच्या कथा ते लोकांकडून ऐकल्या तशा देतात. इतिहासाचा पुरावा म्हणून त्या वापरू नयेत. 1863 साली मुंबईकर आपल्या गावाबद्दल काय सांगत होते याचा मात्र त्या अस्सल पुरावा आहेत, आणि ही नोंद दुसरीकडे इतकी सहज मिळत नाही.

डा कुन्हा: जमिनीचा मालक कोण

वसईचा तह 1534 चा, आणि त्याने ही बेटं पोर्तुगिजांकडे गेली. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांसाठी मराठी आणि इंग्रजी साधनं तोकडी पडतात. डा कुन्हांना पोर्तुगीज येत होतं, गोव्याचे कागद कसे वाचायचे ते ठाऊक होतं, आणि डॉक्टर असल्यामुळे गार्सिया द ओर्तासारख्या माणसात त्यांना खास रस होता. हा ओर्ता गोव्यातला वैद्य. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं, आणि औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ गोव्यात 1563 ला छापला गेला. माडगावकरांच्या पुस्तकाच्या बरोबर तीनशे वर्षं आधी.

पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न करताना इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण मिळाली, ही गोष्ट शाळेत एका ओळीत उरकली जाते. करार झाला 23 जून 1661 ला, पण इंग्रजांना बेटाचा ताबा मिळाला 18 फेब्रुवारी 1665 ला. मधली जवळजवळ चार वर्षं, ‘आंदण’ म्हणजे नेमकं किती, यावरच भांडण चाललं होतं. ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघत मेला, त्याची माणसंही तिथे रोगराईने गेली. शेवटी हम्फ्री कुकने ताबा घेतला तो फक्त मुंबई बेटाचा. साष्टी (मुंबईच्या उत्तरेचं मोठं बेट) मिळाली नाही, माहीमवरून वाद पेटला. 1668 ला इंग्लंडच्या राजाने हे बेट वर्षाला 10 पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. हे सगळं समजून घ्यायचं तर डा कुन्हांना पर्याय नाही.

त्यांच्याकडून शब्दही उलगडतात. ‘फोरास’ या नावाला आज काही लोक फक्त एका रस्त्यामुळे ओळखतात. मूळ पोर्तुगीज ‘फोरो’, म्हणजे जमिनीचा धारा. खाजण बुजवून लागवडीला दिलेल्या जमिनी त्या फोरास जमिनी. जुन्या इंग्रजी दस्तांत ‘ओर्ट’ दिसतो, तो पोर्तुगीज ‘होर्ता’, आपली नारळाची वाडी. गिरगाव-माझगावच्या जुन्या मालमत्तेचे कागद वाचणाऱ्या वकिलालासुद्धा हे पुस्तक उपयोगी पडेल.

उणीवही सांगायला हवी. डा कुन्हा एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर सहज घसरतात, आणि नाव कुठून आलं याच्या चर्चेत पानं जातात. वाचकाला आधीपासून बेटांची ओळख नसेल तर तो हरवतो. बिंबराजाबद्दल त्यांनी वापरलेली साधनं 1900 पर्यंतची. ‘महिकावतीची बखर’, म्हणजे माहीम-साष्टी भागाची जुनी मराठी बखर, इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी छापली 1924 ला. त्यामुळे बिंबाच्या प्रश्नावर डा कुन्हांचं मत अंतिम धरू नये, बखर आणि राजवाड्यांची चर्चा त्यानंतर वाचावी.

द्विवेदी: डोळ्यांनी वाचायचा इतिहास

‘बॉम्बे: द सिटीज विदिन’चं नावच त्याची मांडणी सांगतं: एका शहरात अनेक शहरं. कोटातलं शहर, बाहेरकोटातलं शहर, मैदानाच्या कडेला उभारलेलं सरकारी शहर, भरणीवर वाढलेलं शहर. शहर कसं आखलं गेलं आणि कुठे आखणी न करताच वाढलं, हे समजण्यासाठी तिन्हींत हेच पुस्तक पहिलं. ते ज्या वर्षी आलं, त्याच 1995 मध्ये शहराचं अधिकृत नाव मुंबई झालं आणि वारसा इमारतींसाठीची नियमावलीही लागू झाली. त्यामुळे पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘बॉम्बे’ आहे. मराठी माणसाने 1863 लाच पुस्तकावर ‘मुंबई’ छापलं होतं, हे जाता जाता लक्षात ठेवण्यासारखं.

हे पुस्तक सलग वाचायचं नाही. ते मोठ्या आकाराचं, जड आहे, झोपून वाचता येत नाही. टेबलावर ठेवून आधी फक्त चित्रं आणि त्यांखालचा मजकूर बघून काढावा, मग हव्या त्या प्रकरणाकडे यावं. पायी फिरण्यासाठी त्यांचं कोटातल्या फेऱ्यांचं वेगळं पुस्तक आहे, रस्त्यावर नेण्यासाठी तेच घ्यावं.

इमारत, तिचा शिल्पी, तिचा देणगीदार, तिची जागा: या चौघांबद्दल द्विवेदी भरभरून देतात. इमारतीत राबणाऱ्यांबद्दल कमी. परळ-लालबागच्या चाळी, गिरणीचा भोंगा, 1982 चा संप यासाठी हे दालन नव्हे. गिरणगावातून आलेल्या वाचकाला हे पुस्तक सुंदर वाटेल, पण आपलं घर त्यात सापडत नाही म्हणून रुखरुखही लागेल. ती रुखरुख योग्यच आहे.

कुणी काय घ्यावं

फिरायची आवड असलेल्याने फेऱ्यांचं पुस्तक आधी घ्यावं, दोन रविवार कोटात घालवावेत आणि मग माडगावकर उघडावेत. हाच क्रम शिक्षकांनाही सोयीचा, मुलं जागा बघून आली की जुनी भाषा आपोआप सुटते.

पर्यटकांना शहर दाखवण्याचं काम करणाऱ्याला माडगावकर आणि द्विवेदी दोन्ही लागतील. शक्य असेल तर मधला दुवा म्हणून बाळकृष्ण बापू आचार्य आणि मोरो विनायक शिंगणे यांचा 1889 चा ‘मुंबईचा वृत्तांत’ही बघावा. माडगावकरांनंतर सव्वीस वर्षांनी गिरण्या, पालिका आणि नवं स्टेशन असलेलं शहर मराठीतच वाचायला मिळतं.

गोव्याचा वाचक, किंवा पोर्तुगीज काळावर काम करणारा, डा कुन्हांपासून सुरू करेल तर बिघडणार नाही. वसई, चौल, साष्टीच्या माणसानेही तसंच करावं, आणि त्यांचं 1876 चं पुस्तकही घ्यावं. कारण माडगावकरांची मुंबई माहीम आणि शीवला संपते. वांद्रे, अंधेरी, बोरिवली 1950 आणि 1957 च्या विस्तारात मुंबईला जोडले गेले, त्यांना जुन्या पुस्तकात शोधून निराश होऊ नये. पुण्याचा वाचक असेल तर त्याच्यासाठी याच धर्तीचं, माडगावकरांनंतर पाचच वर्षांनी आलेलं ना. वि. जोशींचं ‘पुणे शहराचे वर्णन’ आहे.

वाचताना वहीत चार रकाने आखावेत: पुस्तकातलं नाव, आजचं नाव, साल, आणि कुणी म्हटलं. ‘चर्चगेट स्ट्रीट’ समोर वीर नरिमन रस्ता, ‘हॉर्नबी रोड’ समोर दादाभाई नौरोजी रस्ता, ‘एल्फिन्स्टन सर्कल’ समोर हॉर्निमन सर्कल. चौथा रकाना सोडू नये. एकाच गोष्टीबद्दल दोघांची मतं वेगळी निघाली की त्यावरूनच कळतं, कोण ऐकलेलं सांगतोय आणि कोण कागद बघून.

मिळवायचं कसं

डा कुन्हांचं पुस्तक हक्कमुक्त आहे आणि स्कॅन केलेली प्रत इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येते. छापील जुना अंक हाताळायचा असेल तर टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात विचारावं. माडगावकरांचा मूळ मजकूरही केव्हाच हक्कमुक्त झाला, पण 1961 ला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने काढलेली आवृत्ती न. र. फाटकांनी संपादित केलेली आहे. फाटक 1979 ला गेले, आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणून त्यांचं संपादकीय लिखाण 2039 अखेरपर्यंत संरक्षित आहे. मूळ मजकुरातला उतारा आपल्या पुस्तिकेत छापायला हरकत नाही, फाटकांची प्रस्तावना उचलून छापता येणार नाही. द्विवेदी-मेहरोत्रांच्या पुस्तकांची फुकट पीडीएफ दिसली तर ती बेकायदा समजावी. जुन्या पुस्तकांच्या दुकानात प्रत मिळाली तर घेण्याआधी नकाशांची पानं आणि मोठी फोटोपानं मोजून बघावीत. अशा पुस्तकांतून पहिल्यांदा फाडून नेली जातात ती तीच.